ऑनलाइन लोकवर्गणी आणि वर्णद्वेष : मंचाची जबाबदारी किती?



समता हा विषय वर्गात शिकवताना आपण पाणवठा, देऊळ, शाळा इथपर्यंत येतो आणि थांबतो. मुलं मात्र आता मोबाईलवर असतात. म्हणून आज क्राउडफंडिंग, म्हणजे ऑनलाइन लोकवर्गणी, याबद्दल बोलूया. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं शिक्षण, कुणाचं जळालेलं घर... कारण लिहून इंटरनेटवर एक पान उघडायचं, लिंक पाठवायची आणि अनोळखी माणसांनी शंभर-पाचशे टाकायचे. अमेरिकेतला गोफंडमी हा यातला मोठा मंच. आपल्याकडे मिलाप, केटो ही नावं तुम्ही ऐकली असतील.

आता एक घटना बघा. २०२५ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी, एका बागेत एका गोऱ्या बाईने पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला वर्णद्वेषी शिवी दिली. तिचं म्हणणं, त्याने आमच्या बॅगेतली वस्तू घेतली. व्हिडिओ पसरला. मग त्या बाईनेच गिव्हसेंडगो नावाच्या मंचावर मदतीचं आवाहन केलं : मला धमक्या येताहेत, घर बदलायचंय. जमले किती? सात लाख डॉलरहून जास्त! आणि पैसे टाकताना कित्येकांनी खाली त्याच शिव्या लिहिल्या. शेवटी मंचाने त्या पानावरचे अभिप्राय बंद केले, पण मोहीम चालू ठेवली. मुलाच्या कुटुंबासाठीही दुसऱ्या मंचावर निधी उभा राहिला, तो याच्या निम्म्याच्या आसपास.

धमकी आलेल्या माणसाला संरक्षण हवं, यात वाद नाही. पण इथे लोक संरक्षणाला पैसे देत होते की शिवीला बक्षीस देत होते? अभिप्राय वाचले की उत्तर मिळतं.

‘आम्ही फक्त पेटी मांडतो, पैसे लोक टाकतात’ असं मंचांना म्हणता येतं. मला ते पटत नाही. असे मंच बरेचदा देणगीदाराने वर दिलेल्या ऐच्छिक टिपेवर चालतात. म्हणजे संताप जितका पेटेल तितकी टिप वाढते. पेटी मांडणाऱ्याचाही त्यात वाटा असतो की! गोफंडमीच्या नियमांत द्वेष पसरवणाऱ्या मोहिमांना आणि हिंसक गुन्ह्यातल्या आरोपीच्या वकिलाच्या खर्चाला बंदी आहे. त्याच मंचावर २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या कुटुंबासाठी सुमारे पाच लाख लोकांनी मिळून एक कोटी चाळीस लाखांहून जास्त डॉलर दिले. २०१७ मध्ये कॅन्सासमध्ये हैदराबादच्या तरुण अभियंत्याचा वर्णद्वेषातून खून झाला, तेव्हाही त्याच्या घरच्यांसाठी तिथल्या सामान्य माणसांनी असाच निधी जमवला. एकच साधन. कुणाला आत घ्यायचं हे कुणीतरी ठरवतंच. न ठरवणं हासुद्धा एक निर्णयच.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल तर आपल्या वारणाकाठाकडे या. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, इथून जवळचेच. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच जेवायला बस असं सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि राहतं वसतिगृह सोडावं लागलं. पुढे दुधगावला सर्व जातींच्या मुलांसाठी आश्रम निघाला, १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग. पैसा कुठला? घराघरातून बाया जात्यावर बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढत, तो मुष्टिफंड. शिवाय लक्ष्मीबाईंचे दागिने. ही लोकवर्गणीच होती.

पण धान्य सगळ्या घरांतून आलं तरी पंगत कशी बसेल हे देणाऱ्यांवर सोडलं नव्हतं. महार-मांगांची पोरं, मराठ्यांची, जैनांची, मुसलमानांची एकाच चुलीवरचं जेवणार. ज्याला हे खपत नसेल त्याची मूठ आली नाही तरी चालेल! त्या काळी ही जोखीम केवढी असेल, विचार करा. जमवणाऱ्याची जबाबदारी म्हणतात ती ही. वर्णद्वेष आणि जातिभेद एक नव्हेत, मुलांना हा फरक जरूर सांगा. पण वर्गणीच्या बाबतीत दोन्ही एकाच दाराने आत येतात.

ते दार मी स्वतः पाहिलंय. एका विद्यार्थ्याच्या ऑपरेशनसाठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकलं होतं. पहिला प्रश्न आजाराचा नव्हता, रुग्णालयाचाही नव्हता. ‘सर, पोराचं आडनाव काय?’ आडनाव सांगितलं आणि पुढचे दोन दिवस ग्रुप शांत. ऑनलाइन मंचावर हा प्रश्न कुणी विचारतही नाही, कारण नाव आणि फोटो वरच असतात. त्यात सुरुवातीचे पैसे ओळखीचेच लोक टाकतात. ज्याच्या ओळखीत नोकरदार, परदेशातले नातेवाईक, त्याची मोहीम पहिल्या दिवशीच धावते आणि धावणारी मोहीम मंच आणखी वर दाखवतो. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी दहावीच्या पुढे गेलंय, त्याचं पान खालीच राहतं.

म्हणून मंचाने निदान एवढं करावं : द्वेषाचे अभिप्राय आधीच अडवावेत, मोहीम बंद केली तर कारण लिहून द्यावं, पैसे परत करावेत आणि आडनाव दाखवायची सक्ती करू नये. ‘आडनाव नसेल तर फसवणूक होईल’ असं काहीजण म्हणतील. पण ओळख मंचाने तपासावी, देणगीदाराला ती कशाला? उपचाराचे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात देण्याची सोय आपल्याकडच्या मंचांवर आहेच.

गेल्या खेपेला मी पत्रकावर फक्त पहिलं नाव, इयत्ता आणि रुग्णालयाचं बिल टाकलं. रक्कम चार दिवसांत जमली. पाचव्या दिवशी एकाचा फोन आला, ‘सर, कुणाचा म्हणायचा हा मुलगा?’

आपल्या शाळेचा, म्हटलं.