व्हॅसलीनने मुरूम येतात का?

थंडी पडली, ओठ फुटले, की घरोघरी व्हॅसलीनची डबी बाहेर येते. पण चेहऱ्यावर मुरूम असलेल्या मुलाने तिच्यात बोट घातले, की कोणीतरी हटकतेच : "तोंडाला लावू नकोस, रंध्रे बुजतील!" खरेच बुजतात का?

आधी मुरूम कसा होतो ते पाहू. प्रत्येक केस त्वचेतील एका बारीक नळीतून वर येतो. या नळीला, म्हणजे रोमकूपाला, लागूनच तैलग्रंथी असते. तुमच्या वयात संप्रेरकांमुळे ही ग्रंथी जास्त तेल पाझरू लागते. त्यातच नळीच्या अस्तराच्या मृत पेशी गळून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात. तेल आणि पेशी यांचे बूच बसते. बूच बनते ते आत! त्याचे काळे टोक म्हणजे मळ नव्हे. तो रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. कितीही घासा, लाल होईल तो चेहराच.

मग एखादा पदार्थ असे बूच बनवतो की नाही, हे कसे ठरवायचे? अमेरिकेतील त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन सशाच्या कानाच्या आतल्या बाजूस तो पदार्थ काही आठवडे चोपडून पाहत. पण सशाचा कान माणसाच्या कातडीपेक्षा फारच हळवा. म्हणून १९८२ मध्ये मिल्स व क्लिगमन यांनी माणसाच्या पाठीवरची चाचणी मांडली. पदार्थाची पट्टी चार आठवडे बांधायची. नंतर काचेच्या पट्टीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब घेऊन ती पाठीवर दाबायची. गोंद वाळल्यावर काच उचलली, की रोमकूपांतील बुचे तिला चिकटून बाहेर! मग सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहायची. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या तुरुंगातील कैद्यांवर अनेक वर्षे प्रयोग केले, त्याबद्दल पुढे त्यांच्यावर कडक टीका झाली. ती योग्यच होती.)

१९९६ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : पेट्रोलियम जेली सशातही बुचे बनवत नाही आणि माणसातही नाही.

तुम्ही विचाराल, मग डोक्याला पोमेड चोपडणाऱ्यांच्या कपाळावर पुटकुळ्या का येतात? १९७० मध्ये क्लिगमन व सहकाऱ्यांनीच हा संबंध दाखवला होता. पण पोमेड म्हणजे नुसती जेली नव्हे. तीत इतर तेले आणि सुगंधही मिसळलेले असतात. उलटही घडते. बूच बनवणारा म्हणून बदनाम झालेला घटक थोड्या प्रमाणात घातलेली क्रीमे २००६ मध्ये माणसांवर तपासली, तेव्हा ती निर्दोष ठरली. म्हणून घटकांची यादी वाचून निकाल देता येत नाही. डबीतला तयार माल तपासावा लागतो.