मुंबई-पुणे मार्गावर केसभर चूक

माणसाच्या जनुकसंचातली अक्षरं किती? सुमारे 3 अब्ज! चला, ही सगळी अक्षरं सीएसएमटीपासून पुणे स्टेशनपर्यंत रुळांच्या कडेने एका रांगेत मांडू. अंतर 192 किलोमीटर. एकेका अक्षराच्या वाट्याला मिलिमीटरचा सोळावा भाग येतो, म्हणजे केसाची जाडी!

आता निघा. दादर गेलं, कल्याण गेलं, घाट चढला, लोणावळा मागे पडलं. गुणसूत्रं क्रमाने मांडली असतील, तर तळेगावच्या आसपास सतराव्या गुणसूत्रावरचं एनएफ-1 हे जनुक लागेल. अक्षरं सुमारे तीन लाख, तरी लांबी रेल्वेच्या एका डब्याहूनही कमी! आणि त्या डब्यात कित्येकदा चुकलेलं असतं एकच अक्षर. 192 किलोमीटरमध्ये एक केस! तेवढ्याने न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आजार होतो.

दुर्मीळ? दर 3,000 जन्मांमागे सुमारे एक बाळ. संध्याकाळची एक खच्चून भरलेली लोकल म्हणजे 3,000 माणसं सहज, तेव्हा हिशेबाने प्रत्येक गाडीत एक जण! देशात वर्षाला सुमारे 2.3 कोटी जन्म, म्हणजे अशी साडेसात हजार बाळं. रोजची वीस! जगाच्या 800 कोटींत 26 लाखांहून जास्त माणसं!

आणि एवढ्या अफाट पसाऱ्याची पहिली खूण केवढी? 5 मिलिमीटर.

आजी पाय लांब करून बसली आहे, नडग्यांवर बाळ पालथं, तेलाचा हात पाठीवरून फिरतोय. तिथेच दिसतात दुधाच्या कॉफीच्या रंगाचे, सपाट, हाताला न लागणारे डाग. एक-दोन असले तर काळजी नको, निरोगी मुलांनाही असतात. ढुंगणावरचे निळसर डाग तर आपल्याकडे कितीतरी बाळांना असतात, ते वेगळे. पण 5 मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा जास्त डाग असले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. नडगी वाकलेली असेल तर तेही सांगा. काखेतले, जांघेतले बारीक ठिपके बहुधा पुढे, तीन ते पाच वर्षांच्या सुमारास उमटतात, म्हणून बाळपणी ते नाहीत यावर निश्चिंत होऊ नका. हा आजार असलेल्या सुमारे 15 टक्के मुलांत डोळ्यांच्या नसेवर गाठ येते, बहुतेकदा सहाव्या वर्षाच्या आत. निदान झालेल्या मुलाचे डोळे दरवर्षी तपासायचे ते यासाठी.

डाग दिसले की घरात कुणीतरी म्हणतंच, "गरोदरपणी ग्रहण पाळलं नाहीस ना!" काय हा न्याय! निम्म्याच्या आसपास मुलांत आईबापांपैकी कुणालाच हा आजार नसतो. ते अक्षर नव्यानेच चुकलेलं असतं. सुनेला बोल लावू नका. भर उजेडात डाग मोजा, आणि सहा भरले तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा.