जितकी गरज तितकें साहाय्य

वर्गांत मागें पडणाऱ्या अथवा दंगा करणाऱ्या मुलास साहाय्य केव्हां व किती द्यावें, हा प्रश्न प्रत्येक शाळेस पडतो. अमेरिकेंतील शाळांनीं त्याचें जें उत्तर काढलें आहे, त्याची ओळख आम्ही वाचकांस करून देतों.

त्या देशांत १९७७ सालच्या नियमांप्रमाणें मुलाची बुद्धि व त्याचें वाचन-गणित यांत मोठी तफावत दिसली, म्हणजेच त्यास अध्ययन-अक्षम मानून विशेष शिक्षण मिळे. पहिलींत अडखळणाऱ्या मुलाची तफावत डोळ्यांत भरण्यास पुष्कळदां तिसरी-चौथी उजाडे. आधीं पुरतें नापास व्हा, मग मदत मागा, असाच तो न्याय! २००४ सालीं कायदा बदलून ही सक्ति गेली. शिकविण्यास मूल कसा प्रतिसाद देतें, हें पाहूनही निर्णय घेण्याची मोकळीक मिळाली.

ह्या पद्धतीच्या सामान्यतः तीन पायऱ्या असतात. पहिली म्हणजे सर्वांस नीट शिकविणें, व वर्षांतून दोन-तीनदां प्रत्येकाची छोटी चांचणी घेणें. मागें राहिलेल्या मुलांचे तीन ते पांच जणांचे गट करून त्यांस नेहमींच्या पाठाशिवाय आणखी अर्धा तास शिकवितात, ही दुसरी. तेवढ्यानें भागलें नाहीं तर एकेकट्याकडे रोजचें लक्ष, ही तिसरी. मिनिटांत किती शब्द बिनचूक वाचले, हें वरचेवर टिपतात. आंकडा पुरेसा चढला कीं मूल खालच्या पायरीवर परत येतें.

वर्तनासही ह्याच पायऱ्या लागू आहेत. मात्र तेथील काम अधिक नाजूक. वाचनाचा तास आला कीं शेजाऱ्यास चिमटे काढणारा मुलगा घ्या. गुरुजी त्यास वर्गाबाहेर उभें करतात, आणि वाचावें लागूं नये हीच तर त्याची इच्छा! शिक्षेच्या नांवाखालीं त्यास बक्षीस मिळतें. म्हणून दंगा केव्हां होतो, त्याआधीं काय घडतें व त्यांतून मुलास काय लाभतें, याची तिसऱ्या पायरीवर नोंद ठेवतात. कित्येकदां उपाय वाचन शिकविण्यांतच सांपडतो. ह्या चौकशीस लाड म्हणणारे लोक आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं.

आपल्याकडे २०१६ सालच्या कायद्यानें विशिष्ट अध्ययन-अक्षमतेस दिव्यांगत्वाच्या यादींत स्थान दिलें, व असा दाखला असलेल्या विद्यार्थ्यांस दहावीच्या परीक्षेंत जादा वेळ मिळतो. पण अडखळणें सुरू होतें तें पहिली-दुसरींत. साठ मुलांच्या वर्गांत हें जमावें कसें, असें कोणी विचारील. तिसरी पायरी एकट्या शिक्षकास अवघड आहे खरी. परंतु प्रत्येकाचें मिनिटभर वाचन ऐकणें तितकें अवघड नाहीं. रोज सहा मुलें घेतलीं, तर दहा दिवसांत सारा वर्ग ऐकून होतो.