अंगण हरपले, तरी वृंदावन हरपू नये

कार्तिक शुद्ध एकादशीस भगवान श्रीविष्णू चातुर्मासाच्या योगनिद्रेतून जागे होतात आणि द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघर तुळशीच्या लग्नाची लगबग उडते. वृंदावनावर गेरूचा हात फिरतो, भोवती उसाचा मांडव उभा राहतो, बुंध्याशी चिंचा-आवळे ठेविले जातात आणि बाळकृष्ण व तुळस यांच्यामधील अंतरपाट मंगलाष्टकांच्या अखेरीस दूर होतो. ज्यांच्या पोटी कन्या नाही, त्यांनाही या निमित्ताने कन्यादानाचे पुण्य लाभते, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु नवी मुंबईतील कित्येक घरांत नेमक्या याच वेळी एक खेदाची गोष्ट ध्यानात येते. मांडव सजतो आणि वधूच सुकलेली आढळते! मग घाईघाईने बाजारातून नवे रोप येते. वर्षभर जिला हळदकुंकू वाहिले, ती कशाने गेली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आमच्या घरचा अनुभव सांगावयास हरकत नाही. नेरुळला बिऱ्हाड थाटले, तेव्हा आईने कोकणातील घराच्या वृंदावनातले रोप मोठ्या मायेने आणून गॅलरीत लाविले. नित्य स्नानानंतर ती त्यास तांब्याभर पाणी घाली. श्रावण सरता सरता पाने पिवळी पडली, बुंधा काळवंडला. पाणी कमी पडत असावे, असे समजून तिने दोन तांबे घालण्यास आरंभ केला. भाद्रपदात तुळस गेली. ‘माझ्या सेवेत काय उणे पडले?’ हा आईचा प्रश्न आम्हां सर्वांच्या मनास लागून राहिला. माती उपसली, तेव्हा उत्तर मिळाले. सिमेंटच्या त्या सुबक वृंदावनास तळाशी भोकच नव्हते. सेवा उणी पडली नव्हती. ती अति झाली होती.

तांब्याभर पाण्याचा आपला परिपाठ अंगणातील वृंदावनासाठी घडला होता. तेथे मुळांखाली भुई असे. जादा पाणी ती पोटात घेई. शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवे नगर आखले गेले. त्या आगरी-कोळी गावांत घरापुढे वृंदावन असे. नगरात राहावयास आलेल्या बहुसंख्य कुटुंबांच्या वाट्याला मात्र सदनिका आली आणि अंगणाची गॅलरी झाली. नगराच्या शिल्पकारांपैकी एक, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, यांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये सुमारे सात-सात घरांमध्ये एकेक सामाईक अंगण ठेविले. पुढे तेथील अनेक घरांची रूपे पालटली. परंतु घरास उघड्या आकाशाचा तुकडा हवा, हा त्यांचा विचार तुळशीपुढे हात जोडणाऱ्यास नव्याने सांगावा लागत नाही.

गॅलरीतील तुळशीस प्रथम हवे ते ऊन. दिवसाकाठी निदान चार ते सहा तास. नवी मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दसऱ्याच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे कलू लागतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत कार्तिकाचे ऊन आतवर येते, तर उत्तरेच्या गॅलरीत फाल्गुनापर्यंत थेट ऊन येत नाही. म्हणून दिशेचा विचार करताना उन्हाचाही करावा. ज्यांची गॅलरी उत्तरेस आहे, त्यांनी दोन कुंड्या राखाव्यात. एक पूजेस, एक खिडकीतल्या वा गच्चीवरच्या उन्हात. दर आठवड्यास त्यांची अदलाबदल करावी.

दुसरी गोष्ट कुंडीची. तिला तळाशी भोक असलेच पाहिजे आणि भोकावर खापरी ठेवावी. शोभेच्या वृंदावनास भोक नसेल, तर रोप मातीच्या लहान कुंडीत लावून ती कुंडी आत बसवावी व पाणी घालताना बाहेर काढावी. रोपवाटिकेतील निव्वळ लाल माती पुढे घट्ट बसते. दोन भाग मातीस एक भाग चांगले कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू मिसळावी. अलीकडे कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, फार बोलबाला आहे. तो वजनास हलका खरा. पण पाणी धरून ठेवतो. जेथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे त्याचा वापर बेतानेच व्हावा.

आता पाणी. बोट पेरभर मातीत घालून पाहावे. माती कोरडी लागली तरच भरपूर पाणी द्यावे. मग नित्याच्या अर्घ्याचे काय? पंचपात्रातील एक पळी पाणी वाहावे; उरलेले ताम्हनात सोडावे. भाव पळीत मावतो. दूध मातीत ओतू नये. ते आंबते, मुंग्या व बुरशी येते. हळदकुंकू वृंदावनाच्या भिंतीस लावावे आणि निरांजन पानांपासून वीतभर दूर ठेवावे. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी तर आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासलीच पाहिजे. डेंग्यूचा डास तेवढ्याच अवधीत अंड्यातून पंख घेऊन बाहेर पडतो.

घरात झाडे ठेवण्याची आवड सध्या वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. दिवाणखान्यात मनी प्लांट, स्नेक प्लांट विराजमान असतात आणि ती हवा शुद्ध करतात, असे सांगितले जाते. या समजुतीचे मूळ ‘नासा’च्या १९८९ मधील प्रयोगांत आहे, पण ते बंदिस्त पेट्यांत झाले होते. राहत्या घरात तसा परिणाम साधण्यास व्यवहारात अशक्य इतकी झाडे लागतील, असे २०१९ साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले. तुळस अहोरात्र प्राणवायू सोडते, हे म्हणणेही वनस्पतिशास्त्रास धरून नाही. तुळशीच्या थोरवीस असल्या आधाराची गरज काय? विष्णूस ती प्रिय आहे आणि तिच्यापुढे लाविलेल्या सांजवातीने घराला घरपण येते, एवढे पुरे.

वडीलधाऱ्यांचे नियम मात्र डोळसपणे पाळावेत. सायंकाळी व द्वादशीस तुळस तोडू नये, असे ते सांगत. त्याने रोपास विसावाही मिळतो. मंजिऱ्या देवास वाहण्याची चाल तर उत्तम बागकामच होय. मंजिरी पिकून बी धरू लागली की रोपाची शक्ती तिकडे जाते आणि नवी पालवी खुंटते. वेळीच खुडल्यास रोप भरदार होते. तरीही कुंडीतील तुळस साधारणतः दोन-तीन वर्षांत जून होते. तो देवाचा कोप नव्हे, रोपाचा धर्म होय. म्हणून दोन-चार मंजिऱ्या रोपावरच वाळू द्याव्यात, त्यांचे बी जपून ठेवावे व फाल्गुनात थंडी सरल्यावर मातीवर नुसते भुरभुरावे. वर मातीचा थर देऊ नये. हाताने पाणी शिंपावे. आठ ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतात.

आईने कोकणातील त्या तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या देव्हाऱ्यातील डबीत ठेविल्या होत्या. त्यांतील पाच रोपे जगली. तीन शेजारी गेली, दोन आमच्याकडे राहिली. गेल्या कार्तिकात आमच्या गॅलरीत लग्न लागले, तेव्हा वधू बाजारातून आणावी लागली नाही. आईने एक पळी पाणी वाहिले, बोटाने माती चाचपून पाहिली आणि समाधानाने हात जोडले. यंदाच्या तुळशीविवाहास आपल्याही घरची वधू घरातच वाढलेली असो.