विश्लेषण : महाबळेश्वर ते उसाचा फड… कमी पैशांतले भयपट कुठे घाबरवतात, कुठे हसवतात?

भयपटाला बडा स्टार लागत नाही की परदेशातले चित्रीकरण लागत नाही. एक घर, चार-पाच पात्रे आणि भरपूर अंधार एवढ्यावर गोष्ट उभी राहते. सेट बेताचा असला तरी अंधारात तो खपून जातो. त्यामुळे हाताशी पैसे कमी असलेले अनेक दिग्दर्शक आधी याच प्रकाराकडे वळतात. हिंदीत हे गणित सोडवून दाखवले ते रामसे बंधूंनी, आणि त्याची सुरुवात झाली सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरात.

रामसे बंधूंनी नेमके काय केले?

फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान चालवणारे एफ. यू. रामसे मुंबईत येऊन चित्रपट निर्माते झाले. १९७० मधला त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ आपटला. पण त्यातला एक प्रसंग प्रेक्षकांनी उचलून धरला. भीतिदायक मुखवटा चढवलेले पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतात, तो हा प्रसंग. बाकीचा चित्रपट नको, हाच हवा, हे त्यांच्या मुलांनी हेरले.

त्यातून १९७२ मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ आला. सात भावांनी कामे वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, कुमार लेखनाला. निर्मितीची व्यवस्था केशूकडे. घरची मंडळी आणि कलाकार महाबळेश्वरला जाऊन राहिले. स्वयंपाकापासून कपडेपटापर्यंत घरातल्या बायकांनीही हात लावला. सुमारे ४० दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास चित्रपट उरकला, असे भावांनी नंतर मुलाखतींत सांगितले. धुके, जुने बंगले, दाट झाडी हे सगळे महाबळेश्वरात आयतेच होते. 

मग फसते कुठे?

भूत दिसले की. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी आजही लोकांना आठवतो. त्याचे श्रेय रंगभूषेपेक्षा अनिरुद्ध अग्रवाल यांच्या उंचीला आणि चेहऱ्याला जास्त जाते. (अग्रवाल शिक्षणाने सिव्हिल इंजिनीअर. पदवी घेतल्यावर कोण कुठे जाईल सांगता येत नाही!) पण त्याच चित्रपटात जगदीप यांचे ‘शोले’ची नक्कल करणारे लांबलचक विनोदी उपकथानक घुसवले आहे. भीती जरा कुठे जमते, तोवर हशा. वितरकांना गाणी हवीत, विनोद हवा, तीन तासांचा ऐवज हवा. त्यात भयपटाचा दम जातो.

स्वस्तातला राक्षस आपल्याकडे नवा नाही. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवले. त्या परंपरेतल्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत यायचा आणि मशालीवर राळ उडवून भपकन जाळ काढला जायचा. त्या आरोळीवरून या नाटकांना ‘अललडुर्र’ असे नावच पडले. आज राळेची जागा स्पीकरने घेतली आहे. दार उघडले, मांजर निघाले, आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवते. प्रेक्षक दचकतो, पण घाबरत नाही. दचकणे दोन सेकंदांत ओसरते.

‘लपाछपी’ वेगळा का ठरला?

१४ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झालेला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ बराचसा दिवसाउजेडी घाबरवतो. कर्जबाजारी नवऱ्यासोबत गरोदर नेहा (पूजा सावंत) उसाच्या मधोमध असलेल्या एका घरात लपायला येते. तिथे तिची काळजी घेणारी तुळसाबाई (उषा नाईक) असते.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको : पुरुषभर उंचीच्या वर गेलेल्या उसात दोन-तीन सऱ्यांपलीकडचे काही दिसत नाही. पाचट वाजते, पण कोणत्या बाजूने ते कळत नाही. वाट चुकली की चारी दिशा सारख्याच. चित्रपटवाल्यांसाठी हा तयार भूलभुलैया आहे. भिंती बांधायला नकोत, संगणकावर काही रंगवायला नको. खर्च करायचा तो आवाजावर, आणि इथे उषा नाईक यांच्यासारख्या अभिनेत्रीवर. तुळसाबाई मायेने बोलते तेव्हाच जास्त धास्ती वाटते.

दोषही आहेत. मधल्या भागात तेच ते प्रसंग फिरून येतात आणि शेवटी संदेश शब्दांत सांगण्याचा मोह आवरलेला नाही. जे उसाने सांगितले होते ते पात्रे पुन्हा सांगतात.

म्हैसाळशी संबंध काय?

(चित्रपट पाहिला नसेल तर पुढच्या ओळींत रहस्य उघड होते.) ‘लपाछपी’तल्या भुतांच्या मुळाशी आहे मुलगी नको म्हणून झालेल्या हत्या. चित्रपट येण्याच्या चार महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यात म्हैसाळ इथे एका विवाहितेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला. तपासात ओढ्यालगत पुरलेले १९ भ्रूण सापडले. चित्रपट त्याआधीच तयार झाला होता. त्याची कथा म्हैसाळवरून घेतलेली नाही. पण त्या जुलैत सांगली-मिरजेत तिकीट काढणाऱ्याला ती केवळ कथा वाटणे अवघड होते.

साताऱ्यात तर हे नावातच होते. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना ‘नकुशी’ म्हणायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा अडीचशेहून अधिक मुलींचे समारंभपूर्वक नामकरण झाले. काहींनी आपली नवी नावे स्वतः निवडली.

मोठ्या बजेटच्या चित्रपटाने हा विषय घेतला असता का, आणि घेतलाच तर भयपट म्हणून घेतला असता का, याची शंकाच आहे. थोडे पैसे अडकलेले असले की असा धोका पत्करता येतो. फुरिया यांनीच २०२१ मध्ये नुसरत भरुचाला घेऊन ‘छोरी’ नावाने तो हिंदीत केला. २०२५ मध्ये दुसरा भागही आला. दोन्ही ॲमेझॉन प्राइमवर. पहिल्या ‘छोरी’त भाषा बदलली, मुलूख बदलला, पण उसाचे शेत तसेच ठेवले.