आधीं मुक्काम, मग वाट

अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत १९०१ सालीं जोलिएट ज्युनिअर कॉलेज निघालें. पदवीचीं पहिलीं दोन वर्षें आपल्याच गांवीं थोड्या खर्चांत करावीं व पुढें विद्यापीठांत जावें, हा त्यामागील हेतु. अशा संस्थांस आज कम्युनिटी कॉलेज म्हणतात.

कॅलिफोर्नियांत तिसऱ्या वर्षांत प्रवेश मिळण्यास सामान्यतः ६० सेमिस्टर युनिटांचा अभ्यास लागतो. त्यांपैकीं भाषा, गणित, कला, समाजशास्त्रें, सृष्टिशास्त्रें इत्यादि ११ सामान्य विषय, म्हणजे ३४ युनिटें, २०२५ पासून तेथील दोन्ही सरकारी विद्यापीठसमूहांस एकाच रीतीनें मान्य आहेत.

परंतु येथेंच फसगत होते. विषय जमेस धरला जाणें निराळें आणि तो इष्ट पदवीस उपयोगी पडणें निराळें. इंजिनियर होऊं इच्छिणाऱ्यानें हे ११ विषय उरकले, पण उच्च गणित व पदार्थविज्ञान मागें ठेविलें, तर विद्यापीठांत त्यास पुन्हा प्रारंभापासून शिकावें लागतें. पदवी लांबते व आईबापांनीं वांचविलेला पैसा खर्चीं पडतो.

यास्तव प्रथम विद्यापीठ व शाखा ठरवावी; एकावर एक अवलंबून असणारे विषय पहिल्याच सत्रांत धरावे; सामान्य विषय त्यांच्याभोंवतीं बसवावे. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करावा, ही शुभवर्तमानांतील शिकवण विद्यार्थ्यांसही लागू आहे.