फाइलला ‘७/१२’ हे नाव का देता येत नाही?

पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांतले जमिनीचे दावे चंडीगढच्या उच्च न्यायालयात येतात. १९६६ पासून हे शहर दोघांचीही राजधानी आहे. तिथल्या महसुली कागदांवर शेताचा क्रमांक ‘१२//३/१’ अशा तऱ्हेने लिहिलेला असतो. बाराव्या मुरब्ब्यातला तिसरा किल्ला आणि त्याचा पहिला तुकडा, असा त्याचा अर्थ. (हा किल्ला म्हणजे गड नव्हे, सुमारे एकराचे शेत. असे २५ मिळून एक मुरब्बा.) पटवाऱ्यापासून वकिलापर्यंत सर्वांना ही पद्धत तोंडपाठ. पण तोच कागद स्कॅन करून फाइलला त्याच क्रमांकाचे नाव देऊ लागले, की विंडोजवर चालणारा संगणक साफ नकार देतो.

आपल्या सातबाऱ्याचीही हीच गत. गाव नमुना सात आणि बारा यांचा मिळून झालेला हा उतारा. ‘७/१२’ असे लिहिल्यावाचून तो आपल्याला सातबारा वाटतच नाही! आपल्या तारखाही ‘१५/३/२०२४’ अशाच.

मग या तिरक्या रेघेने संगणकाचे काय घोडे मारले आहे? चंडीगढमधल्या घराचा पत्ता पाहा. आधी सेक्टर, मग त्यातला ए, बी, सी, डी यांपैकी भाग, मग घराचा क्रमांक. संगणकही फाइल अशीच पायरीपायरीने शोधतो आणि दोन पायऱ्यांमध्ये तिरकी रेघ मारतो. त्यामुळे ‘७/१२’ दिसले की ‘७’ नावाचे कपाट आणि त्यात ‘१२’ नावाचा कागद, असे तो समजतो. युनिक्स प्रणालीत तर ‘//’ ही जोडरेघ एकेरीच धरली जाते. म्हणजे मुरब्ब्याची खूण गेलीच.

ही मनाई समजण्यासारखी आहे. पण विंडोज एकूण नऊ चिन्हे नाकारते. उलटी तिरकी रेघ, अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ आणि < > ही दोन चिन्हेही त्यात आली. यांतली बहुतेक जुन्या डॉस प्रणालीची देणगी. तेव्हा आज्ञा टंकून द्याव्या लागत आणि ही चिन्हे त्या आज्ञांमध्ये कामाला येत. नावही आठ अक्षरांचे, पुढे तीन अक्षरांची शेपटी. १९९५ साली विंडोजने लांब नावांना मोकळीक दिली, पण या चिन्हांवरची बंदी उठली नाही. ‘सी-ओ-एन’ या तीन इंग्रजी अक्षरांच्या नावाचा फोल्डर आजही सहजी बनत नाही. यामागे मोठे गूढ असल्याच्या ई-मेल आपल्याकडे एके काळी खूप फिरल्या. गूढ कसले? डॉसमध्ये ते कळफलक आणि पडद्याचे राखीव नाव होते, इतकेच.

याउलट लिनक्स इतका उदार, की तिरकी रेघ आणि शून्य-संकेत सोडून काहीही चालते. नावाच्या मध्येच नवी ओळसुद्धा! हा उदारपणा जरा अतीच झाला.

खरी पंचाईत आहे ती परवानगी असलेल्या अक्षरांची. हिंदीत ‘चंडीगढ़’ लिहिताना ढ खाली नुक्ता येतो. युनिकोडमध्ये हा ‘ढ़’ एका अखंड संकेतानेही लिहिता येतो आणि ढ व नुक्ता असा जोडूनही. डोळ्यांना फरक दिसत नाही. विंडोज आणि लिनक्स मात्र ही दोन वेगळी नावे मानतात, त्यामुळे ‘चंडीगढ़’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी राहू शकतात. आपल्या ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ही असाच एकाहून अधिक तऱ्हांनी टंकता येतो. वारसनोंदीच्या वेळी एका फोल्डरमध्ये वडिलांचा दाखला आणि दुसऱ्यात उतारा निघाला, तर ऐनवेळी शोधाशोध कोणी करायची? मॅकवर ‘ढ़’ची दोन्ही रूपे एकच धरली जातात. इतरांनाही हे अशक्य नाही. प्रश्नचिन्हाला मज्जाव करण्यापेक्षा हे काम कितीतरी निकडीचे आहे.

तोवर घरच्या कागदांसाठी साधी आडवी रेघ बरी. ‘७-१२’ लिहावे, ‘१२--३-१’ लिहावे. तारखेत आधी वर्ष घालावे, ‘२०२४-०३-१५’ असे, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. आणि देवनागरीतली नावे घरातल्या सर्वांनी एकाच कळफलकावरून टंकावीत.